इंजिन नंबर

अजमानला, व्हिलाच्या मागच्या पत्र्याखाली
रात्री अकरालाही पाना हातात धरवत नाही.
मुश्ताक परकार आणि मी
सत्त्याऐंशीच्या दोन सीटच्या माझ्दात
भंगारातल्या ॲम्ब्युलन्सचं डिझेल इंजिन बसवतोय.

बसत नाही. चार बोटं उंच.
तो म्हणतो, बॉनेट काप.
मी म्हणतो, माउंट खाली घे.
शेवटी दोन्ही केलं,
तरी एक बोल्ट उरलाच.
कुठला, ते अजून कळलेलं नाही.

खेडहून त्याच्या बायकोचा व्हिडिओ कॉल:
"एवढ्या पैशात घराला स्लॅब पडला असता."
त्याने कॅमेरा इंजिनाकडे वळवला.
ती बराच वेळ गप्प.
मग, "सुरू तर करून दाखवा."

पहाटे ते खोकलं, काळं ओकलं, आणि लागलं.
भिंतीपलीकडचा सुदानी म्हातारा
उशी काखेत घेऊन गच्चीवर आला
आणि रागवायचं विसरून ऐकत राहिला.

पासिंगला ही कधीच जाणार नाही,
कागदावर नंबर जुन्याच इंजिनाचा.
माझ्या व्हिसावरही सोळा वर्षं 'सुतार' आहे;
रंधा मी आजवर हातात धरलेला नाही.

गल्लीच्या टोकापर्यंत नेली,
समुद्र दिसला तिथून वळवली.
तिसरा गियर टाकायला रस्ताच उरला नाही.