सत्तर

मी फडमुन्शी. हंगाम बारा-तेरा दिवसांचा.
कोरचीकडल्या एका गावाबाहेर, मोहाखाली,
टेबल नाही, खुर्ची नाही, पिशवीत वही
आणि कानावर पेन.

तेंदूच्या एका पुडक्यात पानं सत्तर.
बुधरी हलामी पुडकं बांधते तेव्हा
जावेशी बोलत असते, नातवाला दटावत असते,
कुणाची कोंबडी कुणाच्या आवारात अंडं घालते ते सांगत असते,
आणि बोटं आपली देठाला देठ लावत जातात,
थांबतात, सालीचा वाक आवळतात.
मी उघडून मोजलं. सत्तर.
दुसरं उघडलं. सत्तर.
मला मोजताना ओठ हलवावे लागतात,
मध्येच कुणी हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून.

"मावशी, थांबायचं कधी ते कसं कळते?"
ती हसली. मग विचारात पडली.
माझ्यासाठी म्हणून मोठ्यानं मोजू लागली.
अडुसष्ट. मग त्र्याहत्तर.
तिसरं पुडकं हातातच सुटलं.
"नजर लावली बाप्पा माह्या हाताले!"
सांडलेली पानं तिनं पदरात ओढली
आणि मान वळवून जावेला विचारलं,
काल भाजीत मीठ काहून नव्हतं?
बोटं सुरू झाली.

हे मी घरी सांगायला जपून ठेवलं. गंमत म्हणून.

संध्याकाळी वाळूवर पुडक्यांच्या ओळी, शंभर-शंभरच्या.
मी चालत जातो, काठीनं एखादं बाजूला लोटतो:
पान फाटकं. पान कोवळं. बाद.
माझाही हात जुना, वीस हंगामांचा.
बुधरी उकिडवी बसून बघत होती.

"मुन्शीजी, एक पुसू?
आमच्या टोल्याची ओळ आली
का तुमची काठी पयले हलते,
डोळे मागून येतात.
तिले कसं कळते?"

मी हसलो. मग हसू तोंडातच राहिलं.

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर
उत्तर होतं माझ्याकडे, तयार,
तेही न मोजताच आलं असतं.

ओळीच्या सुरुवातीला परत गेलो.
काठी खाली ठेवली. गुडघे कुरकुरले, तरी बसलो.
बाद केलेलं पहिलं पुडकं सोडलं, ओठ हलवत:
एक. चांगलं. दोन. चांगलं.
अंधार उतरत होता, ट्रॅक्टरवाला हॉर्न मारत होता,
नवव्या पानाला कुणीतरी हाक मारली.

पुन्हा एक.