लाभ

मुंबई नाक्याच्या सेंटरात नवं मशीन बसलं
आणि तिसऱ्याच दिवशी तांबट आळीतून दामूअण्णा करडे आले.
कानांचा स्कॅन.
हलू नका, आवंढा गिळू नका, मी म्हटलं.
अण्णा म्हणाले, आँ?
मग मी टेबलावर टकटक केली.
तळहाताला कळलं. गप पडून राहिले.

जुन्या मशीनला मोजणं ठाऊक नव्हतं.
किरण पडायचे, स्फटिक उजळायचा,
आणि त्या उजेडाची होईल ती गोळाबेरीज,
अख्खा ट्रॅक्टर भुईकाट्यावर, चाकांच्या चिखलासकट.
हा नवा स्फटिक मात्र मापाऱ्यासारखा बसतो.
कण येतो, धक्का देतो, नोंद होते.
हलका इकडे, जड तिकडे.
नुसती कुजबुज असेल तर वहीत धरत नाही.

माझे वडील पिंपळगावच्या बाजारात मापारी.
एक कधी म्हणाले नाहीत.
लाभ. दोन. तीन.
मधेच कुणी हाक मारली
तर शेवटचा आकडा दाताखाली धरून
नुसती मान हलवायचे.

पडद्यावर कान उघडला.
हातोडी. ऐरण. आणि आत, तांदळाच्या कणीएवढी, रिकीब,
तिचे दोन्ही पाय सुटे दिसतायत.
परवापर्यंत इथे पिठूळ धुकं असायचं.
अण्णांना आत बोलावलं, बोट ठेवून दाखवलं:
ही हातोडी. ही ऐरण.
ते वाकून बघत राहिले.
"दुकान तर विकलं मी. हे कुणी मांडलं?"

पावतीच्या पाठीवर मी त्यांना लिहून दिलं,
यालाही एक खोट आहे,
दोन कण एकदम आले तर एकच मोजतं.
चष्मा वर करून वाचलं, हसले.
"एका हंड्यावर आम्ही दोघं, मी न् थोरला.
घाव एकदम पडले की बाप खेकसायचा,
एक वाया घालवलात रे!"

रिपोर्टात लिहून आलं: हाडं शाबूत.
जे झिजलंय ते त्याही आत, शंखातल्या लवीत,
साठ वर्षांचे घाव तिथे जमा आहेत,
आणि तिथे या मशीनला मोजायला काही सापडत नाही.
हे मी पावतीवर लिहिलं नाही.
डॉक्टर सांगतील.

निघताना अण्णांनी मशीनच्या कड्यावर
बोटाचं पेर वाजवलं, भांडं पारखतात तसं,
आणि कान नाही, तळहात टेकवला.
"पत्रा पातळ आहे," म्हणाले.