मापासाठी

पहिली वस्तू माझीच होती.
टेबलावरचं घड्याळ, खाली पितळी पट्टी:
सौ. वैजयंती भोपी, अखंड सेवा, बारा वर्षं.
महापेचा प्लांट बंद पडला
त्याच्या आदल्या दिवाळीत, टाळ्यांसकट मिळालेलं.
मी लिहिलं: उत्तम स्थिती, एकदाच वापरलेलं.
घड्याळ एकदाच कसं वापरतात
हे कुणी विचारलं नाही.
विचारलं ते एवढंच: नाव खोडून मिळेल का?

नाव खोडलं नाही. घड्याळ राहिलं.

मग सीवूड्सचं एक घर, चौदावा मजला,
माणसं कॅनडाला निघालेली.
बाई म्हणाल्या, सगळं उचला, नऊ हजार द्या,
आणि कपाट उघडं टाकून फोनवर बोलत राहिल्या.
माझ्याकडे भिशीचे अकरा होते.
टेम्पोवाला बबन, तुर्भ्याचा, बाराशे म्हणाला,
आठशेत आला, आणि वाटेत शिकवलं:
"ताई, जड घेऊ नका. जड वस्तू
विकेपर्यंत आपल्यालाच उचलत बसावी लागते."

कोपरखैरण्याच्या दहा बाय बारात आता
दोन मिक्सर, तीन इस्त्र्या, एक दुर्बीण,
कुणाच्या तरी बाळाची उंच खुर्ची
जिच्या फटीत नाचणीचं सत्त्व वाळून दगड झालेलं.
जुन्या टूथब्रशने कोरून काढलं, अर्धी दुपार गेली.
नवरा ती खुर्ची ओलांडून जेवायला बसतो.
म्हणतो, याला दुकान म्हणायचं की गोडाऊन?
मी म्हणते, घर म्हणा, भाडं तेवढंच आहे.

फोटो सकाळी साडेसात ते आठ.
समोरच्या इमारतीला चुकवून तेवढाच उजेड येतो.
पांढरी चादर, टोकांवर डाळीचे डबे,
सुरकुती पडू नये म्हणून.
कुकरच्या पोटात माझा चेहरा यायचा,
रुंद, गाऊनमधला, हातात मोबाइल.
आता जरा तिरकी उभी राहते.

आहे का?
शेवटचा किती?
शेवटचा म्हणजे शेवटचा किती?
मध्यरात्री एक जण: बहीण मानतो, शंभर कमी करा.
एक जण येतो येतो म्हणत तीन रविवार आला नाही,
मी तीन रविवार घर झाडून बसले.

आणि मग कळव्याचे ते आजोबा, खारकर.
साडेतीनशेला मिक्सरचं भांडं नेलं होतं.
दुसऱ्या दिवशी दारात,
कापडी पिशवीत तेच भांडं.
भांडले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले,
"फोटो तुम्ही अगदी बरोबर बाजूने काढलात."

तडा मला माहीत होता.
मी पैसे दिले, वर रिक्षाचे दिले.
वरचे त्यांनी मोजून इस्त्रीवर ठेवले.
पाणी मात्र प्यायले.

तेव्हापासून पहिला फोटो तड्याचा.
खरचटलेलं आधी, चकाकी नंतर.
लिहिते: उजवं बटण दोनदा दाबावं लागतं.
लिहिते: वास आहे, उन्हात तीन दिवस ठेवलं की जातो,
माझ्याकडे ऊन तेवढं येत नाही.
विक्री कमी झाली.
मग जरा वाढली. फार नाही.
मार्चअखेर वहीत, खर्च वजा जाता,
चार हजार एकशे वीस.
पगाराच्या पासंगालाही पुरत नाहीत.
तरी खाली रेघ मारताना पट्टी घेतली, उगाच.

घड्याळ अजून इथेच आहे.
लोक म्हणतात, फोटोवरून वस्तू केवढी ते कळत नाही,
म्हणून प्रत्येकीच्या शेजारी ते ठेवते,
इस्त्रीपाशी, दुर्बिणीपाशी, नावासकट.
आता रोज एकाचा तरी निरोप येतोच:
बाकी राहू दे, ते घड्याळ किती?

मी लिहिते, ते मापासाठी आहे.

दोन मिनिटं शांत.
मग: मापासाठी म्हणजे शेवटचा किती?