पुराव्याचा रकाना

कोरा फॉर्म, सहा उभे रकाने.
पहिल्यात मी लिहिते:
मथुराबाई वैती, वय चोपन्न, राहणार वेसावे,
खाट अकरा, काचेआडची.
पांढऱ्या पेशी आठशे.
उजव्या दंडात नळी; तिथे लाली नाही, सूज नाही, पू नाही.
गालाच्या आत एक बारीक फोड,
तिनेच जिभेने चाचपून सांगितलेला.
केस गेलेत. अंबाडा जिथे असायचा
तिथे अजून हात जातो तिचा.
हे लिहायचं की नाही?
नाही लिहीत.

दुसरा रकाना, निदान.
संसर्गाचा धोका, पांढऱ्या पेशी घटल्यामुळे.
सवयीने पुढे लिहिलं, पुरावा,
दोन टिंबं दिली
आणि पेन टेकवून बसले.

इथेच गेल्या खेपेला घोन्साल्विस मॅडमनी
लाल शाईने अख्खी ओळ कापली होती.
"अगं, धोका म्हणजे न झालेली गोष्ट.
न झालेल्याचा पुरावा कुठून आणणारेस?"
वसईच्या त्या. बोलतात हळू, खोडतात जोरात.

रात्रीचे पावणेदोन.
समोर परळच्या जुन्या गिरणीच्या जागेवर
टॉवर चढतोय, मजला सव्वीस की सत्तावीस,
क्रेनच्या शेंड्याला लाल दिवा.
त्या धुळीतून बुरशी येते, न दिसणारी,
फुप्फुसात घर करते.
म्हणून तिसऱ्यात, नाही, चौथ्यात:
खिडकी बंद. फटीला चिकटपट्टी.
दर चार तासांनी ताप बघणे.
कच्चं काही नको, कोशिंबीर नको, सोललेलं फळही नको.
खोकणारा भाचा दारातून परत.
फुलं नकोत.

फुलांपुढचा कारणाचा रकाना मी पटकन भरला,
पुस्तकातलं वाक्य, पाठ आहे.
पण संध्याकाळी सून अबोलीची वेणी घेऊन उभी होती,
केळीच्या पानात गुंडाळलेली,
आणि माझ्या तोंडून ते वाक्य निघेचना.
"नको," एवढंच म्हटलं. हात पुढे केला.
तिने दिली.

हात धुणे: तळवे, बेचक्या, नखं,
अंगठा. अंगठ्याला सगळे विसरतात.
मास्क, गाऊन, मग आत.
मथुराबाई जागीच. माझ्या हातमोज्यांकडे बघून हसते,
आपले हात चादरीवर मांडते,
बाजारात माल मांडावा तसे.
चाळीस वर्षं बर्फात बुडालेले,
सुरमईच्या कल्ल्यांनी, कोलंबीच्या काट्यांनी,
एकदा कोयत्याने उभा फाटलेला तळवा.
"गो पोरी, हलद दाबली न माल इकाया बसली.
मना कंदी काय झाला नाय."

पुरावा आहे की.
भरपूर आहे, पांढऱ्या रेघा रेघांनी लिहिलेला,
पण विरुद्ध बाजूचा,
आणि माझ्या फॉर्मात त्याला रकाना नाही.
मी नळीभोवतीची पट्टी बदलते.
वरून खाली नाही, आतून बाहेर, गोल गोल,
सुकेपर्यंत थांबायचं, फुंकर मारायची नाही.
लहानपणी गुडघा फुटला की आई आधी फुंकर मारायची.
थांबते. तीस सेकंद फार असतात.

चार वाजता काखेत अठ्ठ्याण्णव पॉइंट चार.
शेवटच्या रकान्यात लिहिते:
ताप नाही. थंडी नाही. नळीची जागा स्वच्छ.
आठ तासांच्या कामाचं फळ म्हणून
तीन वेळा नाही.
दुसऱ्या रकान्यातली ती दोन टिंबं खोडते,
मॅडमच्या आधी, निळ्या शाईने.

निघताना आतून आवाज:
"येनी सुकली काय गो?"
बाहेर कपडे बदलायच्या खोलीत,
माझ्या डब्याच्या झाकणात, पाणी शिंपडून ठेवली होती
सात वाजता. नंतर बघितली नाही.
"नाही," म्हटलं.
आणि परत नळाशी गेले.
अंगठ्यापासून सुरू केलं.