मागचं डावं दार

लोक येतात गाडी चालू होत नाही म्हणून.
ताम्हनकर बाई आल्या, बंद होत नाही म्हणून.
चावी काढून मुठीत धरलेली
आणि इंजिन आपलं धडधडतंय,
नाना पेठेत, दुपारी दीड वाजता,
मागच्या टेम्पोच्या शिव्या खात.

"चौथ्यात टाकून, ब्रेक दाबून मारते," म्हणाल्या,
"दोन महिने झाले. आज गुडघा नाही म्हणतोय."
मी आत बसलो. चौथा. क्लच सोडला.
एक आचका देऊन गेली.

सत्त्याऐंशीची गाडी, जुनं डिझेल.
याला ठिणगी नसते, की तोडली आणि विझलं.
याला गप्प करायला ओढ लागते,
पंपाने ओढलेली पोकळी, रिफिलएवढ्या नळीतून.
ओढ कमी पडली
की हे बोलतच राहतं.

पोरगं खाली वाकून थेंब शोधत होतं.
म्हटलं, रोहिदास, ऊठ.
हे गळणं उलटं असतं.
आतलं बाहेर येत नाही,
बाहेरचं आत शिरतं.
फरशीवर डाग पडत नाही याचा.

पूर्वी मी कानाला नळी लावायचो,
सुस्स करणारी जागा बोटाने दाबायचो.
आता डाव्या कानात तीस वर्षांची टॅपेटं वाजतात
गाडी समोर नसली तरी.
म्हणून हातपंप. म्हणून काटा.
विसावर न्यायचा आणि नुसतं बघायचं.

मेन लाइन: वीस. वीसच.
ब्रेकचा डबा: वीस. हे बरं झालं, बाई लकडी पुलावरून आल्या होत्या.
इंजिन मारणारी टोपी: वीस, जराही हलली नाही,
बिचारीचा काही दोष नव्हता.
मग दारांकडे जाणारी पिवळी नळी.
वीस.
सतरा.
अकरा.
चहा अजून कोपऱ्यावर उकळतच होता.

गालिचा उचलला. खाली एक निळं बटण,
चार आणे, कोपरा गेलेली दंडाची पावती.
एकेक फाटा तोडला, बूच मारलं, पंप मारला.
ड्रायव्हरचं दार धरतंय.
पुढचं डावं धरतंय.
डिकी धरते. टाकीचं झाकणसुद्धा धरतंय.

मागच्या डाव्या दाराचा पुठ्ठा निघता निघेना.
निघाला तेव्हा नळी कापलेली,
आणि तोंडात कडुलिंबाची काडी,
छान तासलेली, वर पांढरा दोरा गुंडाळलेला.
वाळून बारीक झाली होती. बोट लावलं तर फिरली.

"हे कोणी केलं?"
बाई बराच वेळ बघत राहिल्या.
"कंपनीत नेली होती म्हणाले.
अडतीसशे घेतले म्हणाले.
वहीत लिहिलंय मी."
रोहिदास हसला. मी त्याला पान्हा आणायला पाठवला,
पान्हा माझ्या हातातच होता.
"मग ते अडतीसशे गेले कुठे?"
मला विचारत नव्हत्या.

मी म्हटलं, काम वाईट नव्हतं, बाई.
ओली होती तोवर धरून होती.

आतला पडदा फाटलाय, नवा मिळत नाही.
रबरी बूच लावतो, वर क्लिप.
हे दार मात्र हाताने लॉक करायचं,
बाकीच्यांबरोबर लागायचं नाही.
"ते कोणी उघडतच नाही," म्हणाल्या.

चावी फिरवली.
इंजिन दोनदा अडखळलं आणि थांबलं.
पलीकडच्या दुकानातला पत्रा ऐकू आला, मग एक कावळा.
त्यांनी परत चालू केली, परत बंद केली,
चार वेळा.
पाचव्यांदा मी हात धरणार होतो, डिझेल जातंय म्हणून.

बिल दोनशे सत्तर.
पाठीमागे लिहून मागितलं,
काय सापडलं, कुठे सापडलं, तारीख घाला.
काडी त्यांनी पर्समध्ये टाकली की गटारात
ते मी पाहिलं नाही.
टेम्पोवाला पुन्हा हॉर्न देत होता.