रकाना

पुरात भिजलेले केसपेपर
गच्चीवर दोरीला चिमटे लावून वाळत घातले,
तेव्हाच धाकट्या मॅडम म्हणाल्या,
आता सगळं कॉम्प्युटरवर.

म्हणून मी, एकतीस वर्षांचा कंपाउंडर,
शुक्रवार पेठेतला दवाखाना
एका बोटानं टाइप करतोय.
नाव. वय. वजन. बीपी.
इथवर आमचं जमतं.

पण थोरल्या डॉक्टरांनी समासात
पेन्सिलीनं लिहून ठेवलंय:
आक्काताई कांडगावे – गुडघा नाही, सून.
इलाही शिकलगार – तालमीतलं सांगत नाही, खांदा दाबून बघणे.
रत्नाप्पा – गूळ सोडला म्हणतो. बोटं चिकट.

याला रकाना नाही.
'इतर'मध्ये टाका काका, मॅडम म्हणाल्या.
अर्धी पेठ आता 'इतर'मध्ये राहायला गेलीय.

खोटं कशाला बोलू,
परवा रत्नाप्पाला मध्यरात्री सीपीआरला नेला
तेव्हा मॅडमनी घरातनंच, मोबाईलवर बघून,
त्याच्या सगळ्या गोळ्या वाचून दाखवल्या.
कागदावर तर नुसता निळा डाग उरला होता.

एवढी एक पारूबाई सोनटक्के राहिली.
तिच्या केसपेपरच्या कोपऱ्यात बारकं शून्य,
ते कशाचं, हे थोरल्यांना ठाऊक होतं, आणि मला.

शून्य टाकलं की पडदा लाल होतो: फी भरा.
परत टाकलं. परत लाल.

मग मी एक रुपया लिहितो
आणि खिशातला एक रुपया
गल्ल्यात टाकतो.
हिशेब जुळला पाहिजे.