मोटारीचा दम

"चालू होते गं, पण दम नाही," कोंडीराम उतेकर म्हणाले,
बाजाराच्या आदल्या दिवशी बैलाबद्दल सांगावं तसं.
बामणोलीच्या काठाला बांधलेली पत्र्याची होडी,
मागं पंचवीस हॉर्सपॉवरची मोटार,
निळा रंग उडून खालची राखाडी कातडी दिसणारी.
"वासोट्याला सात माणसं न्यायची तर आता दोन तास.
पूर्वी नाक वर करून जायची.
सगळे म्हणतात, वय झालं."
सगळे म्हणजे क्लबचा कारकून, धाकटा भाऊ,
आणि साताऱ्याचा मेकॅनिक, फोनवरून, न बघता.

मी मेढ्याहून आले होते यष्टीनं,
मांडीवर पान्यांचा डबा.
वडिलांच्या गॅरेजात मी दुचाक्या उघडते,
पाण्यातलं यंत्र पहिल्यांदाच.
पण वडील सांगायचे,
वय सगळ्यात शेवटी तपासायचं.
आधी पेट्रोल, मग ठिणगी, मग दाब.

टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू उघडा होता.
नळीतला रबरी फुगा दाबला, टणक झाला, टणकच राहिला.
प्लग काढले.
वरचा तपकिरी, चहाच्या कपाच्या तळासारखा.
खालचा काळा, ओला.
हं, म्हटलं.
चालू मोटारीवर रबरी पकडीनं वरची केबल उचलली,
मोटार बंदच पडू लागली.
खालची उचलली, तिला पत्ताच नाही.
म्हणजे दोघांच्या संसारात
एक जण नुसता बसून जेवत होता.

केबलचं टोक आतून हिरवं पडलेलं.
पेरभर कापलं, नवी टोपी चढवली.
आता दोन्ही सिलिंडर बोलू लागले,
कोंडीरामांनी मान हलवली,
होडी काठापासून दूर नेली,
आणि तशीच, पोट ओढत, परत आणली.
"थोडा फरक आहे," ते म्हणाले. माझी समजूत काढत असावेत.

दाब मोजला. वरचा एकशे दहा, खालचा एकशे आठ.
म्हाताऱ्या यंत्राचा असा नसतो.
मग मी पालथी पडून
कार्बोरेटरच्या तोंडात बॅटरी मारली आणि म्हटलं,
"मूठ पूर्ण फिरवा."
त्यांनी फिरवली.
आतली पाकळी अर्धी उघडली
आणि थांबली.

मागच्या दांडीला तांब्याची तार होती,
चार वेढे, वर गाठ,
तेलामातीनं इतकी काळी
की दांडीचाच भाग वाटावी.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, वाकले,
बराच वेळ बघत राहिले.
"ही गाठ माझी आहे."

मग बसून, तंबाखू मळत, तुकड्यातुकड्यानं:
भिवा चौदाचा होता. सुसाट न्यायचा.
उन्हाळ्यात पाणी उतरलं की झाडांची खोडं वर येतात, ती बघायचा नाही.
सांगून ऐकेना. एका रात्री तार बांधली.
सकाळी तो विचारू लागला, पळत का नाही?
"म्हटलं, मोटारीचं वय झालं."
तंबाखू तोंडात गेली.
भिवा तळोज्यात फोर्कलिफ्ट चालवतो.
तारेचं त्यांच्या ध्यानातून गेलं होतं,
वयाचं मात्र सगळ्यांच्या तोंडी राहिलं, त्यांच्याही.

मी पकडीनं गाठ तोडली नाही, सोडवली.
वेळ लागला.

ते एकटेच गेले. वळणापर्यंत दिसत होते,
होडीचं नाक उचललेलं, ताडपत्री मागं उडालेली,
मग नुसता आवाज राहिला, डोंगरावर आपटून परत येणारा,
मग तोही नाही.
काठावरचा कारकून उठून उभा राहिला.

वीस मिनिटांनी आले, सदरा भिजलेला.
"किती झाले?"
"तीनशे. केबलचे चाळीस वेगळे."
पैसे दिले. तार गुंडाळून तंबाखूच्या डबीत ठेवली.
डबी बंद करता करता विचारलं,
"परत बांधता येईल ना तशीच?
मे महिन्यात भिवाचा पोरगा येतो. बारा वर्षांचा आहे."

येईल, म्हटलं.
आणि हात धुवायला पाण्याशी वाकले.
शेवटची यष्टी पावणेसहाची होती.